सांगाडा आणि दर्शनी दगड

आमच्या कांजूरमार्गाकडे अलीकडे काँक्रीटच्या सांगाड्यांचे मनोरे उठले आहेत. अशा इमारतींच्या दर्शनी भिंतीवर कोठें कोठें घोटीव ग्रॅनाइटही चढवितात. हा दगड कशाच्या आधारावर उभा आहे, हें घर घेणारा गृहस्थ क्वचितच विचारतो. ओट्याचा दगड मात्र तो बोटानें वाजवून पाहतो!

भूकंप ही कांहीं परमुलखाची गोष्ट नव्हे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का मुंबईसही जाणवला होता. परंतु आपल्या विषयाचा खरा धडा किल्लारीचा आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादकडील गांवें हादरलीं. तेथील पुष्कळ जुन्या घरांत मातीच्या जड माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांवर असे, आणि सभोंवतीं मातींत रचलेली दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत. त्या भिंतीचे आंतला व बाहेरचा असे दोन थर. त्यांना सांधणारे आरपार दगड बहुधा नसतच. धक्क्यासरशीं थर सुटले, ढांसळले. कित्येक ठिकाणीं लाकडी सांगाडा उभा राहिला, आणि माणसें दगडांखालीं गेलीं.

म्हणजे सांगाडा टिकला एवढ्यानें भागत नाहीं. दोन सेंटिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचा एक चौरस मीटर सुमारें 54 किलो भरतो, चार इंची विटेच्या थराचा 190 च्या आसपास. आणि जितकें वजन अधिक तितका भूकंपाचा ओढा अधिक. त्यांतून सांगाडा लवतो, दगड लवत नाहीं. म्हणून जड थराला प्रत्येक मजल्यावर तुळईस बोल्टांनीं जखडलेल्या पोलादी अँगलचा टेकू द्यावा, आणि अँगलच्या खालीं बोटभर फट ठेवून ती मऊ द्रव्यानें भरावी. नाहींतर वरचा भार खालच्या दगडावर येऊन तो फुगून निसटतो. मागील भिंतीशीं त्याला धातूच्या पकडी हव्यात. त्या अशा असाव्यात कीं, दगड बाहेर पडूं नये, परंतु सांगाडा आडवा हलला तर त्याला थोडें सरकतां यावें. नुसत्या सिमेंटानें चिकटविलेल्या जड दगडाची मदार गिलाव्यावर असते, आणि गिलावाच भिंतीपासून सुटला तर काय उरलें?

मुंबईच्या खाऱ्या दमट हवेंत साध्या लोखंडाची पकड गंजते, गंजून फुगते आणि दगडच फोडते. येथें गंजरोधक पोलादाची काटकसर करूं नये. आपल्या इमारतीस असा दगड लावावयाचा असेल तर आधाराचा नकाशा अभियंत्याकडून आधीं मागून घ्यावा. विशेषतः प्रवेशद्वाराच्या वरचा भाग पाहावा, कारण धक्का बसतांच माणसें तेथूनच बाहेर धांवतात. तेवढ्या जागीं दगडाऐवजीं साधा रंगविलेला गिलावा ठेवण्यास माझी तरी हरकत नाहीं.