ओळख, नाती आणि ध्येय

आपण कोण, आपल्याला काय झेपते, याची न डळमळणारी जाण म्हणजे स्व-प्रतिमेची स्पष्टता. जेनिफर कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ती मोजण्यासाठी १२ विधानांची मापनश्रेणी मांडली. ही जाण धूसर असली की माणूस इतरांची ध्येये सहज उचलू शकतो आणि अडचण येताच सोडू शकतो.

उलट ओळख पक्की असली की सारे गमावूनही ध्येय टिकू शकते. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी निर्वासितांची घरेदारे सुटली होती. १९४९ मध्ये या छावणीचे उल्हासनगर झाले. व्यापारी ही ओळख मात्र अनेकांनी टिकवली आणि आप्तांच्या आधाराने पुन्हा दुकाने थाटली.

असा आधारही नेमका असावा लागतो. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून नोकरी आणि रात्री अभ्यास करणाऱ्या सुनेला शाबासकीपेक्षा संध्याकाळचा स्वयंपाक कुणीतरी उचलणे अधिक मोलाचे ठरते. तिच्या जोडीदाराची स्वतःबद्दलची जाण धूसर असेल, तर तिच्यातल्या बदलाने तो धास्तावू शकतो आणि पाठिंबा आटू शकतो.