शनिवारचे रान आणि पुनवेची रात्र

ऊर्जानगरात राहणाऱ्या माणसाकडे सुट्टीच्या दिवशी पाहुणे फार येतात. आपल्याला भेटायला आलो असे ते म्हणतात खरे, पण चहाचा पहिला घोट घशाखाली उतरला की विचारतात, "मग सर, ताडोबाचं काय?" आमच्या वसाहतीतून पद्मापूर, आगरझरी करीत मोहर्लीचे प्रवेशद्वार तासाभराच्या आत गाठता येते. त्यामुळे त्यांची समजूत अशी, की आम्ही लोक भाजी आणायला जावे तसे जंगलात जाऊन येतो. खरी गोष्ट निराळी आहे. वीज केंद्रात वीस-वीस वर्षे नोकरी करून ताडोबा एकदाही न पाहिलेली माणसे मला ठाऊक आहेत. आसपासच्या गावांतल्या शाळांचीही तीच कथा. रान हाकेच्या अंतरावर, पण बेत काही जमत नाही. तो कसा जमवावा एवढेच आज बोलणार आहे. मी वन्यजीवांचा अभ्यासक नव्हे, महाविद्यालयात भूगोल शिकवणारा मास्तर आहे; चुका करीत शिकलो, तेव्हा त्या चुका तरी तुमच्या उपयोगी पडाव्यात.

प्रथम थोडे लांबचे सांगतो. जपानच्या पश्चिम अंगाला हिवाळ्यात माणूसभर उंच बर्फ साचतो. सायबेरियाकडून येणारे कोरडे, गार वारे जपानच्या समुद्रावरून येता येता बाष्प पितात आणि डोंगराला अडले की ते सारे हिमरूपाने टाकून मोकळे होतात. आपल्या सह्याद्रीवरचा पाऊस पडतो त्याच रीतीने. टोकियोतला नोकरदार शुक्रवारी कामावरून सुटतो, रात्रीच्या बसमध्ये बसतो आणि डोळे उघडतो तो बर्फाच्या डोंगरापाशी. गाला युझावा नावाच्या ठिकाणी तर रेल्वेच्या स्टेशनातच बर्फावर घसरण्याचा सगळा सरंजाम आहे, आणि टोकियोहून वेगवान गाडीने तिथे सव्वा तासात पोचता येते. कित्येक उतारांवर दिव्यांचे खांब उभारले आहेत, म्हणजे रात्रीसुद्धा हौस भागवावी. हे वाचले तेव्हा मला त्यांच्या बर्फापेक्षा त्यांच्या हिशेबाचे कौतुक वाटले. हातात दोनच दिवस आहेत ना, मग हंगाम कोणता, सुटायचे कधी, झोपायचे कुठे, सारे आधी ठरलेले. आपण मात्र शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर म्हणतो, "चला, उद्या ताडोबाला जाऊ."

त्यांचा हंगाम पाणी गोठते तेव्हा, आपला हंगाम पाणी आटते तेव्हा. रानाच्या बेताची ही पहिली किल्ली आहे. पावसाळ्यात, 1 जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, ताडोबाचे मुख्य क्षेत्र पर्यटकांना बंद असते. ऑक्टोबरात उघडते तेव्हा गवत कमरेइतके आणि पाणी जागोजाग. जनावर चार हातांवर असले तरी दिसायचे नाही. पौष-माघात थंडी मरणाची, उघड्या जिप्सीत दात वाजतात, पण रान सुंदर दिसते. मग साग पाने गाळतो, बोड्या आणि नाले सुकतात, आणि वैशाखापर्यंत मोजके पाणवठे उरतात. तहान लागली की वाघालाही तिथेच यावे लागते आणि चितळालाही. मात्र त्या दिवसांत चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे जातो हे मी तुम्हांला काय सांगावे!

तेव्हा शिक्षकबंधूंनो, मुलांना न्यायचे तर डिसेंबर-जानेवारी हेच महिने धरा. वाघ दिसण्याचा योग कमी, पण पोर आजारी पडायचे नाही.

आता वार. मी पहिल्यांदा गेलो तो मंगळवारी. कॉलेजला कसलीशी सुट्टी होती, सासुरवाडीची मंडळी आलेली. पहाटे पाचला सगळ्यांना उठवून, दशम्या बांधून, थाटात दारापाशी नेले. दार बंद. मंगळवारी मुख्य क्षेत्र बंद असते ही गोष्ट शेजारच्या टपरीवरच्या मुलाने मला सांगितली, आणि मेहुण्यांनी ती आजवर मला विसरू दिलेली नाही. उरतात शनिवार-रविवार, पण त्या दोन दिवशी नागपूर-पुण्याची गर्दी असते आणि शुल्कही चढे असते. नोंदणी संगणकावरून, कित्येक आठवडे आधी करावी लागते. एका जिप्सीत सहा प्रवासी, शिवाय गाईड आणि चालक. ज्यांची नावे नोंदली त्यांनीच जायचे, ओळखपत्र अस्सल हवे. वीज केंद्रातल्या पाळीवाल्या मंडळींना मात्र एक सोय आहे: त्यांची साप्ताहिक सुट्टी पुष्कळदा बुधवारी-गुरुवारी पडते. सारा देश रविवारी धावतो, त्यांनी बुधवारी जावे. फक्त रात्रपाळी करून थेट जिप्सीत बसू नये. माझे एक शेजारी असे बसले आणि वाघ रस्ता ओलांडून गेला तेव्हा घोरत होते.

शाळेच्या सहलीला जिप्सीचा खर्च झेपत नाही, ही अडचण खरी आहे. पण रान म्हणजे काही जिप्सीच नव्हे. आपल्या वीज केंद्राला आणि चंद्रपूर शहराला पाणी देणाऱ्या इरई धरणाच्या काठी हिवाळ्यात पक्षी उतरतात. वाटेवरच आगरझरीला फुलपाखरांचे उद्यान आहे. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर निघावे, ते पाहावे, रात्री मोहर्लीच्या बाजूला एखाद्या गावात मुक्काम करावा. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला बोलते करावे. तो तारूची गोष्ट सांगेल: तारू हा गोंडांच्या गावाचा प्रमुख, वाघाशी झुंजताना तो पडला, तलावाकाठच्या मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव पडले. मग वर्गात सनावळ्या सांगाव्यात. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, ते अवघे 116 चौरस किलोमीटरांचे. 1986 मध्ये अंधारी अभयारण्य झाले. पुढे 1995 च्या सुमारास दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, सव्वासहाशे चौरस किलोमीटरांचा. आणि 2010 मध्ये भोवतीचा अकराशे चौरस किलोमीटरांचा टापू बफर म्हणून जोडला गेला. हा बफर म्हणजे नुसते झाडोरे नव्हे बरे का! त्यात गावे आहेत, धानाच्या बांध्या आहेत, शाळा आहेत. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळजण त्यातलेच असतील.

आता रात्रीविषयी. इथे मला जरा सावकाश बोलले पाहिजे.

जपानी माणूस डोंगरावर दिवे लावून रात्रीचा दिवस करतो. आपल्याकडे रानातली रात्र पाहायची तर दिवा विझवावा लागतो. वैशाखी पौर्णिमेच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवर मचाणे बांधते आणि नोंदणी केलेल्या नागरिकांना तिथे रात्रभर बसू देते. पूर्वी ही प्राण्यांची मोजणीच असे. पुढे वाघांची मोजदाद पायांच्या ठशांवरून न करता आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांवरून करू लागले. 2006 नंतरची देशव्यापी गणना त्याच पद्धतीने होते. मचाणावरची रात्र मात्र राहिली, अनुभव म्हणून. रात्र हीच का? पाने गळलेली, पाणी मोजके, आणि चांदणे रात्रभर, कारण पुनवेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि सूर्य उगवताना मावळतो. वैशाखातला हा चंद्र थोडा दक्षिणेकडून जातो. तेव्हा मचाण पाण्याच्या दक्षिण अंगाला मिळाले तर चंद्र पाठीशी येतो आणि पाण्यावर आलेले जनावर स्वच्छ दिसते. अर्थात मचाण निवडणे आपल्या हाती नसते, हेही सांगून टाकतो.

तयारी थोडकी. कपडे मातकट रंगाचे, अत्तर-पावडर नको, पाणी भरपूर, खाणे वास न येणारे. ऊन असताच मचाणावर चढायचे आणि उजाडल्यावर कोणी न्यायला येईपर्यंत उतरायचे नाही. खोकल्याची सवय असलेल्याने घरी राहावे.

एका वर्षी मला अशी रात्र मिळाली. बफरमधले मचाण. बरोबर माझा एक विद्यार्थी होता, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा, तिथून तीनेक मैलांवरच्या गावचा. तिसरा वनरक्षक. मी वाटेत त्या पोराला उत्साहाने सांगत होतो, की अरे, रात्रभर मचाणावर बसायला माणसे कुठून कुठून येतात, पैसे भरतात. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "सर, आमच्या घरी तं धान निसवलं का रोजच जागल असते. बाबा माळ्यावर बसतेत, मी बी बसतो. डुकरं येतेत, कधी तो बी येते." 'तो' म्हणजे कोण हे विचारावे लागले नाही.

त्या रात्री मी पाहिले थोडे आणि त्याने ऐकले पुष्कळ. मला पाण्यावर एक काळा गोळा दिसला. तो म्हणाला, अस्वल, आणि पाठीवर पिल्लू आहे. खरेच होते. रानडुकरे आली, चिखलात लोळून गेली. रातव्याचा ठोक्यासारखा आवाज मी कुठल्याशा पंपाचा समजलो होतो. वहीत वेळ, प्राणी, संख्या लिहायचे काम माझ्याकडे होते. सांगत तो होता. मास्तर आणि विद्यार्थी यांची जागा अशी बदलली, की मला त्यात गंमतच वाटू लागली.

साडेतीनच्या सुमारास सांबर ओरडले. एकच, ढोंक करून. गाईड लोक त्याला 'कॉल झाला' म्हणतात. मी सरसावून बसलो, आता वाघ पाण्यावर येणार! थोड्या वेळाने दुसरा कॉल झाला, चितळाचा, पण लांबून. मग आणखी लांबून. आवाज पाण्याकडे येत नव्हता, उलट दिशेला चालला होता. मी चुकचुकलो. पोराकडे पाहिले तर तो पाण्याकडे पाहतच नव्हता. पाठ फिरवून अंधारात बघत होता. हलक्या आवाजात वनरक्षकाला म्हणाला, "दादा, हा आमच्या गावच्या आंगानं चालला. तेंदू तोडाले बाया चारला निघतेत. माय बी निघन."

श्रोतेहो, तेंदूपत्त्याचा हंगाम हा वैशाखाचाच हंगाम. उन्हाच्या आधी पाने तोडून, घरी बसून सत्तर-सत्तरची पुडकी बांधायची, म्हणून बायका झुंजुमुंजू होण्याच्या आधी निघतात. तोडताना वाकलेल्या असतात. वाकलेला माणूस पाठीमागून जनावराला माणूस वाटत नाही, असे जाणकार सांगतात. आणि आम्ही वसाहतीत राहणाऱ्यांनी तरी हे विसरू नये: फेब्रुवारी 2022 मध्ये वीज केंद्राच्या परिसरात एक कामगार आणि लगतच्या दुर्गापुरात एक मुलगा असे दोन जीव पाठोपाठ गेले. त्यानंतर कित्येक दिवस संध्याकाळी आमच्या रस्त्यांवर लेकरू दिसत नव्हते.

मोबाईलला तिथे रेंज नव्हती. वनरक्षकाने क्षणभर विचार केला आणि वायरलेसवरून चौकीला कळवले. चौकीने गावातल्या प्रतिसाद दलाच्या पोरांना निरोप धाडला. मग आम्ही तिघे काही न बोलता बसलो. पाण्यावर चितळांचा कळप आला होता, पंधरा-वीस तरी असतील, चांदण्यात अगदी स्वच्छ दिसत होता. मी तो मोजला नाही. पाऊण तासाने वायरलेस खरखरला. बाया गावातच थांबल्या होत्या. उजाडल्यावर एकत्र, डबे वाजवीत निघणार होत्या. पोराने हूं म्हटले आणि पाण्याकडे तोंड केले.

ह्या रात्रीनंतर माझा बेत करण्याचा रिवाज बदलला. रविवारी पहाटे प्रवेशद्वार गाठण्याच्या घाईत आपल्या गाड्या ज्या रस्त्याने सुसाट जातात, त्याच रस्त्याच्या कडेने त्याच वेळी मोहफुले वेचणारी, पाने तोडणारी माणसे चाललेली असतात; म्हणून मी आता अर्धा तास आधी निघतो आणि गाडी हळू हाकतो. मुक्काम शक्यतो गावातल्या घरी करतो. पैसे तिथेच राहतात. शाळेची सहल असेल तर गुरुजींना सुचवतो, की शेवटच्या रात्री वाघाची चित्रे दाखवण्याऐवजी गावच्या प्रतिसाद दलातल्या एखाद्या तरुणाला बोलवा. कॉल कसा ओळखायचा, वाटेत जनावर दिसले तर पळायचे की उभे राहायचे, संध्याकाळी परसाकडे एकटे का जायचे नाही, हे तो सांगेल. बफरमधल्या मुलांना त्यातले पुष्कळ ठाऊक असेल. त्यांनाच उभे करून सांगायला लावा. शहरातली पोरे ऐकतील.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. वनखात्याला द्यायचा तक्ता वेगळा होता, तो दिला. वहीत अस्वल आहे, डुकरे आहेत, सांबराचा कॉल 3 वाजून 35 मिनिटे असा आहे. त्याच्यापुढच्या दोन ओळी कोऱ्या आहेत. मग त्या पोराच्या अक्षरात: 5.40, मोर, नर 1, पाण्यावर.