जुना मजकूर मोडू नका



 

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एक वाद कधी मिटत नाही. बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, सापडला की काढलाच पाहिजे, असं काही म्हणतात. त्या बगवर लोकांचं काम उभं आहे, हात लावू नका, असं बाकीचे म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या लिनक्स या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, नियमच घातला: कर्नलमधल्या बदलानं चालता प्रोग्राम मोडला, तर दोष कर्नलचा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेनं उलट वाट धरली. 2008 साली तिसरी आवृत्ती जुनीशी फटकून आली आणि दुसरीला निरोप द्यायला 2020 उजाडलं.

मराठीला या वादाची झळ बसली ती 'ॲ' या अक्षरापाशी. युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या मानकात हे स्वतंत्र अक्षर 2008 साली, 5.1 आवृत्तीत आलं. तोवर लोक 'अ' टाइप करून त्यावर चंद्र देत. छापल्यावर दोन्ही रूपं सारखीच दिसत, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून नव्या पद्धतीनं 'ॲड्व्होकेट' शोधलं, तर निव्वळ अक्षरं ताडणाऱ्या शोधाला जुन्या फायलीतले वकील सापडत नाहीत.

पुढे हार्फबझनं कडक धोरण घेतलं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस यांत अक्षरं जुळवण्याचं काम हीच मुक्त लायब्ररी करते. 'अ' आणि चंद्र सुटे आले की ती मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ घालते. कारण रास्त आहे: एकाच रूपाचे दोन कोड राहिले, तर फसवे पत्ते बनवणाऱ्यांचं फावतं. पण लोकांनी अ आणि चंद्र यांच्यामध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घालून वर्तुळ टाळलं. आता एकाच अक्षराचे तीन अवतार फिरताहेत. दुरुस्तीनं गुंता वाढला.

याउलट अर्ध्या 'र'चं पाहा. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी, हा फरक मराठीला हवाच. आज त्यासाठी 'ऱ' आणि हलन्त वापरतात. युनिकोड 2.0 मधली 'र', हलन्त आणि जॉइनर ही रीत मात्र मोडीत काढली नाही. केवळ जुन्या मजकुरासाठी तसा नियम मानकात राखून ठेवला. शोधाचा प्रश्न तिथंही उरतो, पण वाचणाऱ्याचं पान बिघडत नाही.

माझं म्हणणं एवढंच: दुरुस्ती लिहिणाऱ्याच्या हातापाशी करावी, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपाशी नको. कीबोर्डनं नवा मजकूर शुद्धच द्यावा. जुना मजकूर मुकाट वाचावा. शोधानं एका अक्षराची सगळी रूपं एक मानावीत. वेब-पत्त्यासारख्या जोखमीच्या जागी खुशाल कडक व्हावं. सुरक्षेला भोक पडत असेल तर सुसंगततेची सबब चालणार नाही.

वापरणाऱ्याला झळ न लावता झालेलं असं स्थित्यंतर बदलापूरच्या लोकल प्रवाशांनी अनुभवलं आहे. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग 1500 व्होल्ट डीसीवरून 25,000 व्होल्ट एसीवर गेला. हे काम टप्प्याटप्प्यानं होऊन 2015 साली पुरं झालं, आणि मधल्या काळात दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल धावल्या. भार रेल्वेनं उचलला, पासधारकावर टाकला नाही.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मात्र हा भार उचलणारे बहुधा मोजके देखभालकर्ते असतात, कितीएक तर विनामोबदला राबणारे. त्यांना मराठी येत असेलच असं नाही. आपण नमुने दिले नाहीत, तर काय मोडलं हे त्यांना कळणार कसं? तेव्हा तुमच्या संग्रहातल्या जुन्या फायली उघडा. मोडलेले शब्द निवडा आणि त्या त्या प्रकल्पाच्या चाचण्यांत घालण्यासाठी पाठवा. ज्या वृत्तपत्रांचा आणि कार्यालयांचा कारभार या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यांनी पैसा आणि माणसं द्यावीत. चाचणीत मराठी वाक्य असेल, तर पुढची दुरुस्ती करणारा ते मोडण्याआधी थांबेल.