मेम्ब्रेनच्या आधीचा पहारा

राजस्थानात आमच्या ठाण्यावर बोअरचं खारं पाणी आरओने गोड करायचो. एकदा पाणी अचानक जास्त येऊ लागलं. जवान खूश! पण चव मचूळ. जंतू मरावेत म्हणून टाकीत ब्लीचिंग पावडर मीच टाकायला लावली होती, आणि कार्बन फिल्टर कधीच निकामी झाला होता. क्लोरीनने मेम्ब्रेन खाल्लं. ते दुरुस्त होत नाही. नवं येईपर्यंत टँकरवर दिवस काढले.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: वाळूचा फिल्टर गाळ अडवतो, कार्बन क्लोरीन काढतो, अँटीस्केलंट क्षारांचा थर बसू देत नाही, शेवटी ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज. कार्बननंतरच्या पाण्यात क्लोरीन शून्य आहे ना, हे रोज तपासा. मी तपासलं नव्हतं. जय हिंद.