गाडीची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला "काहीतरी रोजच्या उपयोगाचे बोला" असे सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा लोणच्याचा मसाला किंवा पोस्टातली बचत असावी. मी गाडीच्या तेलावर बोलणार म्हटल्यावर त्या क्षणभर गप्पच बसल्या. "अहो, तो पुरुषांचा विषय!" असे काही त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहऱ्यावर तेच होते. मैत्रिणींनो, आत येताना मी मुद्दाम मोजल्या. बाहेर अंगणात तेवीस स्कूटर उभ्या आहेत आणि त्यांच्या किल्ल्या तुमच्याच पर्समध्ये आहेत. गाडी आपण चालवतो, मुलांना शाळेत सोडतो, बाजार करतो. परंतु तिचे सर्व्हिस बुक घरातल्या कोणत्या खणात आहे, हे आपल्यापैकी कितीजणी सांगू शकतील?

मी स्वतः सांगू शकले नव्हते. म्हणून आधी माझीच फजिती सांगते.

मी एकतीस वर्षे हिशेबखात्यात नोकरी केली. माझ्या टेबलावरून बिनपावतीचा एक रुपयासुद्धा कधी मंजूर होऊन गेला नाही. "बाई फार कडक आहेत" म्हणून लोक मागे कुरकुरत, आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटे. निवृत्तीचे पैसे हाती आले, तेव्हा २०२१ साली मी स्कूटर घेतली. पाच वर्षांची वॉरंटी होती. पहिल्या तीन सर्व्हिसिंग कंपनीच्या केंद्रात झाल्या. पुस्तकात तीन शिक्के बसले. पुढे ते केंद्र लांब वाटू लागले. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला मुलगा हाताचा चांगला आणि स्वभावाचा गोड. मी स्वतः दुकानातून तेलाचा डबा आणला, स्वतः उभी राहून जुने तेल काढून नवे घालून घेतले. असे दोन वेळा केले. पैसे दिले आणि घरी आले.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात इंजिनातून खडखड आवाज येऊ लागला, आणि एके दिवशी गाडी रस्त्यातच बंद पडली. मी ती निर्धास्तपणे कंपनीच्या केंद्रात नेली. वॉरंटी होतीच ना! तिथल्या अधिकाऱ्याने पुस्तक उघडले. तीन शिक्के, आणि पुढची पाने कोरी.

"तेल बदलले होते का?"

"बदलले होते. दोनदा. मी समोर उभी होते."

"पावती आहे का?"

मैत्रिणींनो, एकतीस वर्षे जो प्रश्न मी लोकांना विचारला, तोच मला कोणीतरी विचारला, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो मनुष्य उद्धट नव्हता. नियमाप्रमाणेच बोलत होता. त्याच्या जागी मी असते, तर मीही तेच केले असते. साडेनऊ हजार रुपये मी पदरचे भरले. पैशांपेक्षाही मनाला लागले ते हे की, मी खरे बोलत होते आणि ते सिद्ध करण्याची सोय मीच करून ठेवली नव्हती.

आता तेलाचेच एवढे काय, असे कोणी विचारील. घरात शिवणयंत्र असलेल्या बाईला हे समजावून सांगायला नको. इंजिनात धातूवर धातू सतत घासतो. मध्ये तेलाचा पातळ थर असतो, म्हणून ते भाग एकमेकांना खात नाहीत. तेच तेल उष्णता वाहून नेते आणि आतली काजळी, धातूचा कीस स्वतःत धरून ठेवते. पण तळणीचे तेल जसे पुन्हा पुन्हा तापून बिघडते, तसे हेही बिघडते. त्यातली औषधे संपतात, पुढे त्याचा गाळ होतो, आणि तेल जाण्याचे बारीक मार्ग बुजू लागतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: तेल काळे झाले म्हणजे संपले, असे नाही. काजळी धरणे हे त्याचे कामच आहे. म्हणून रंगावरून ठरवू नये, पुस्तकातल्या वेळापत्रकावरून ठरवावे.

त्या वेळापत्रकात एक ओळ असते, आणि आपण बायका तिथेच फसतो. "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी होईल ते." आपली गाडी फिरते किती? भाजीमंडई, शाळा, देऊळ. पावसाळ्यात तर आठवडा आठवडा जागची हलत नाही. आपण म्हणतो, "किलोमीटर कुठे झालेत अजून?" पण महिने झालेले असतात! शिवाय थोड्या थोड्या अंतरासाठी गाडी सुरू केली की इंजिन पुरते तापत नाही. आत पाण्याचा अंश आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरते. म्हणजे कमी फिरणाऱ्या गाडीचे तेलही बिघडतेच. माझ्या शेजारणीची गाडी जेमतेम वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते. ती आता किलोमीटर पाहत नाही, महिने मोजते.

तर मग करायचे काय? नवीन काही शिकायचे नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर असते. दूध कधी आले नाही, कधी अर्धा लिटर जास्त घेतले, याची खूण आपण त्यावर करतो. महिनाअखेर दूधवाल्याशी वाद होत नाही, कारण कॅलेंडर बोलते. गाडीलाही असेच एक बोलणारे कॅलेंडर हवे. मी एक साधी वही केली आहे. त्यात प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहिते: तारीख, मीटरवरचा किलोमीटरचा आकडा, तेल कोणते आणि किती, फिल्टर बदलला का, आणि काम कोणी केले. एक ओळ पुरते. दोन मिनिटे लागतात.

परंतु वही ही आपली आठवण झाली. पुरावा म्हणजे पावती. म्हणून पावती मागून घ्यावी आणि तिथेच उभे राहून वाचावी. तिच्यावर आपल्या गाडीचा नंबर आहे का? तारीख आणि किलोमीटर आहेत का? नुसते "सर्व्हिसिंग" असे न लिहिता तेलाचे नाव आणि दर्जा लिहिला आहे का? डब्यावर "१० डब्ल्यू ३०" असे आकडे असतात. आपल्या पुस्तकात सांगितलेले आकडे तेच आहेत ना, हे ताडून पाहावे. स्कूटरचे तेल आणि मोटारसायकलचे तेल यांतही फरक असतो, म्हणून "कोणतेही चालते" या बोलण्यावर जाऊ नये. तेल स्वतः विकत घेतले असेल, तर दुकानाची पावती आणि गॅरेजची पावती दोन्ही एकत्र टाचून ठेवाव्यात. आणि सर्व्हिस बुकात शिक्का व सही घेतल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नये.

आणखी एक. हल्लीच्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या वर्षभरात पुसट होतात. आपण जपून ठेवतो आणि वेळेला कोरा कागद हाती येतो! म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढावा किंवा झेरॉक्स करून वहीला चिकटवावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काही कंपन्यांच्या वॉरंटीत अट असते की, काम त्यांच्याच केंद्रात झाले पाहिजे. अशी अट असेल, तर कोपऱ्यावरची पावती कितीही स्वच्छ असली, तरी वाद होऊ शकतो. म्हणून वॉरंटीची पाने एकदा चष्मा लावून वाचावीत. अट असेल तर मुदत संपेपर्यंत लांब वाटले तरी तिथेच जावे. आणि वॉरंटी म्हणजे सगळेच फुकट, असेही नाही. ब्रेकचे पॅड, बल्ब असे झिजणारे, जळणारे भाग बहुधा तिच्यात येत नाहीत.

आता एक चांगली हकीकत. आपल्यापैकीच एक भगिनी डबे पोहोचवण्यासाठी लहान व्हॅन चालवतात. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. माझी फजिती ऐकल्यावर त्यांनी वही सुरू केली आणि पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवू लागल्या. गेल्या वर्षी इंजिन बिघडले. केंद्रात पहिले वाक्य तेच आले, "तेल वेळेवर बदलले नसेल." बाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि उघडला. चार वेळा तेल बदलल्याच्या चार पावत्या, चारही वेळी किलोमीटर, चारही मुदतीच्या आत. मग इंजिन उघडून नीट तपासणी झाली. तेल फिरवणारा पंपच सदोष निघाला. दुरुस्ती वॉरंटीत झाली. त्याच वेळी बदललेल्या ब्रेकच्या पॅडचे पैसे मात्र त्यांना द्यावे लागले, आणि ते त्यांनी बिनतक्रार दिले. त्या व्हॅनवर त्यांच्यासह तीन बायकांची चूल अवलंबून आहे. त्या पत्र्याच्या डब्याची किंमत आता तुम्हीच करा.

इतके करूनही कोणी दाद दिली नाही, तर? ग्राहकाच्या पाठीशी कायदा आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला आणि २०२० च्या जुलैपासून तो लागू झाला. विक्रेत्याने किंवा सेवा देणाऱ्याने बिल न देणे ही त्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे पावती मागताना आपण काही उपकार मागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी. पण तिथेही पहिला प्रश्न ओळखीचाच असतो: "कागद आहेत का?"

आपल्या घरांत एक समजूत आहे की, कागदपत्रे म्हणजे पुरुषांचे खाते आणि हिशेब म्हणजे बायकांची काटकसर. मला ही वाटणी पटत नाही. ज्या बाईला भिशीचा हप्ता, गॅसच्या सिलिंडरची तारीख आणि मुलांच्या लसींचा महिना तोंडपाठ असतो, तिला गाडीचे तेल केव्हा बदलले हे लिहून ठेवणे अवघड नाही. फक्त तोंडपाठ असणे पुरत नाही. ते कागदावर यावे लागते. खरे बोलणाऱ्यालाही पावती लागते, हे मी साडेनऊ हजार रुपये भरून शिकले. तुम्हाला ते आज फुकट देते आहे.

जाता जाता मंडळाला एक सूचना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या लुटतो. घराघरांत आता डब्यांत डबे झाले आहेत. येत्या संक्रांतीला प्रत्येकीला एक लहान वही वाण म्हणून देऊ या. तिच्या पहिल्या पानावर पाच रकाने आधीच आखून ठेवू या. ते आखण्याचे काम माझ्याकडे. एकतीस वर्षांची सवय आहे. रेघ वाकडी जाणार नाही.