गंगारामांचा चहा

गंगाराम कांबळे हे कोल्हापूर दरबारच्या पागेतील नोकर. सवर्णांच्या पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना मार बसला. शाहू महाराजांनी भांडवल दिले आणि भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? भांडवलाने दुकान मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हे सहसा नसते. महाराज आपला खडखडा तेथेच थांबवीत, स्वतः चहा घेत आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही देववीत. हुकूम दप्तरात ठेवता येतो. हा चहा मात्र घशाखाली उतरवावाच लागे! त्या मंडळींचे चेहरे डोळ्यांसमोर आणून पाहावेत. १९२२ साली महाराज गेले. १९२५ साली गंगारामांच्या पुढाकाराने, दलितांच्या वर्गणीतून, नर्सरी बागेत त्यांचे स्मारक झाले.