घाटात बंद पडणारी मोटारसायकल

चालती मोटारसायकल मध्येच बंद पडते, हा अनुभव आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कुणाला नवा नाही. शेतात डबा न्यायचा असो, खामगावच्या बाजार समितीत भाव बघायला जायचं असो, की दवाखान्यात कुणाला तातडीनं पोचवायचं असो, भिस्त दुचाकीवरच असते. अशी गाडी राजूर घाटात किंवा बोथ्याच्या जंगलात, जिथं अस्वलं आणि बिबटे फिरतात, अंधारात बंद पडली की ती केवळ गैरसोय राहत नाही. आज मला एकच मुद्दा मांडायचा आहे. बंद पडलेल्या गाडीचं कारण शोधायची खरी जागा ती जिथं बंद पडली तो रस्ता, आणि खरी वेळ पहिली पाच मिनिटं. गॅरेजपर्यंत ढकलत नेईस्तोवर इंजिन निवतं, वाटेत कुणीतरी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहतं, किका मारून मारून प्लग ओला होतो, आणि कारण सांगणाऱ्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. मेकॅनिकसमोर गाडी बिनतक्रार चालते. मग अंदाजानं प्लग बदलतात, कार्बोरेटर साफ करतात, आणि आठ दिवसांत तीच गाडी त्याच चढावर पुन्हा उभी राहते.

इंजिनाला चालायला तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल यांचं योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि ते मिश्रण दाबून धरणारं कॉम्प्रेशन. यातलं काय तुटलं हे गाडी बंद पडण्याच्या पद्धतीवरून बरंचसं कळतं. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी एकदम मरत नाही. आधी झटके देते, रेस दिली तरी उचलत नाही, धापा टाकत वेग सोडते आणि मग थांबते. त्या क्षणी चोक ओढल्यावर काही अंतर चालली, तर संशय जवळजवळ पक्का होतो. ठिणगी तुटली तर मात्र चावी फिरवून बंद केल्यासारखी गाडी एका क्षणात गप्प होते. आणि बंद पडताना इंजिन आवळल्यासारखं वाटलं, किक खालीच जाईना, तर तिथंच हात थांबवावा. ऑइल संपून पिस्टन जाम होण्याची ती खूण असू शकते. शंभर सीसीच्या इंजिनात ऑइल मुळात एक लिटरच्या आसपास असतं, आणि ते घटलेलं बाहेरून दिसत नाही. अशा वेळी बळजबरीनं सुरू केलेलं इंजिन पूर्ण उघडावं लागतं, म्हणून निवू देऊन आधी ऑइल पाहावं.

आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला आहे, आणि या तपासात त्याचा उपयोग होतो. मलकापूर-नांदुऱ्याकडचा पूर्णेचा सखल पट्टा आणि सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरचं बुलढाणा शहर यांच्यामध्ये अजिंठ्याची रांग आहे. थोडं गणित करू. लिटरला साठ किलोमीटर देणारी गाडी सपाटीवर ताशी पन्नासनं चालली, तर मिनिटाला साधारण चौदा मिलिलिटर पेट्रोल पिते, म्हणजे तीन चहाचे चमचे. तीच गाडी दोन माणसं आणि खताचं पोतं घेऊन चढाला लागली की गरज दुप्पट-तिप्पट होते. आता टाकीखालचा नॉब किंवा त्यातली जाळी गाळानं अर्धी बुजली असेल आणि मिनिटाला वीसच मिलिलिटर पेट्रोल येत असेल, तर घाटाखालच्या मोताळ्यापर्यंत काहीच जाणवणार नाही. घाट लागला की कार्बोरेटरच्या वाटीतला साठा मिनिट-दोन मिनिटांत संपेल आणि गाडी थांबेल. थोडा वेळ उभी राहिली की वाटी पुन्हा भरते, गाडी सुरू होते. याउलट गाडी चढ सहज चढते, पण उतारावर रेस सोडली की किंवा गावात शिरताना हळू केली की बंद पडते, असं असेल तर टाकीशी भांडण्यात अर्थ नाही. तिथं स्लो जेट, स्लो सेटिंग किंवा टॅपेट बघायला हवेत. चढताना बंद पडली की उतरताना, एवढं एक वाक्य मेकॅनिकला नीट सांगितलं तरी निम्मं काम वाचतं.

सर्वांत जास्त फसवणारी तक्रार मात्र वेगळी आहे. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालते, बंद पडते, अर्ध्या तासानं पहिल्या किकला सुरू होते. लोक म्हणतात, गाडी तापते. तापत असेलही, पण याच लक्षणामागे निदान तीन वेगळी कारणं असू शकतात. पहिलं म्हणजे टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार अडखळते, तसंच इथं होतं. पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला हवी. छिद्र धुळीनं बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. दुसरं कारण इग्निशनची किंवा पिकअपची कॉइल. आतल्या बारीक तारेला तडा गेला असेल तर तापल्यावर जोड सुटतो आणि निवल्यावर पुन्हा जुळतो. तिसरं, फार घट्ट ठेवलेले टॅपेट. तापलेला व्हॉल्व्ह लांबतो, पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. तिन्ही दोष अर्ध्या तासाच्या विसाव्यानं लपतात, म्हणूनच ते बंद पडल्याबरोबर ओळखायचे. आधी झाकण उघडा, अर्थात विडी-सिगारेट दूर ठेवून. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणात. तसं झालं नाही तर जवळचा जादा प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवा आणि किक मारा. जुना प्लग जागेवरच राहू द्यावा, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर येत नाही. कुठं पेट्रोल सांडलं असेल किंवा वास येत असेल तर ही चाचणी करूच नये. निळी ठिणगी दिसली नाही तर संशय कॉइलकडे जातो. ठिणगी ठीक आणि किक नेहमीपेक्षा पोकळ, हलकी लागते, तर टॅपेट.

यावर एक नेहमीचं उत्तर ऐकू येतं, की घाटावर हवा विरळ होते म्हणून गाडी दम टाकते. तीनशे-चारशे मीटरच्या चढाईत हवेची घनता तीन-चार टक्क्यांनीच घटते. ताकद किंचित कमी होईल, पण धड गाडी त्यानं बंद पडत नाही. हवेवर खापर फोडलं की खरा दोष तसाच राहतो. दुसरं उत्तर, पेट्रोलच खराब, त्यात इथेनॉल असतं. या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, म्हणजे नेमकं तिथं, जिथून नॉब पेट्रोल घेतो. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे घडू शकतं. पण ते तपासता येतं. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावं. खाली वेगळा थर दिसला तर तक्रार खरी. थर नसेल आणि रोज चालणारी गाडी ठरावीक चढावरच थांबत असेल, तर पेट्रोलला दोष देऊन काही साधत नाही.

याहून वजनदार आक्षेप असा, की १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरच उरला नाही. सेन्सर आहेत, इंजिनाचा दिवा आहे, मग सामान्य माणसानं डोकं का लावावं? दिवा उपयोगी आहेच. पण तो मुख्यतः सेन्सर आणि विजेच्या मंडलातल्या बिघाडाची सूचना देतो. टाकीतला पंप अशक्त झाला किंवा त्याची जाळी गाळानं भरली तर दिवा न लागताही गाडी चढावर धापा टाकू शकते. अशा गाडीत चावी फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंदांचा घूं असा आवाज येतो का, हे बंद पडल्या क्षणी ऐकावं. आवाज नसेल तर फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल आणि पंपाची वायर पाहायची. पुष्कळ नव्या गाड्यांत साइड स्टँडचा स्विचही इंजिन बंद करतो; खड्ड्यात आदळल्यावर बंद पडणारी गाडी कधीकधी त्या एका चिखलानं भरलेल्या स्विचमुळे थांबलेली असते. आणि मुरलेला मेकॅनिक कानानं दोष ओळखतो, हे मला मान्य आहे. पण त्याच्या कानाला बंद पडायच्या क्षणाचा आवाज मिळत नाही. तो गाडीवर बसलेल्यालाच ऐकू येतो, आणि तो त्यानंच लक्षात ठेवून सांगायला हवा.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगावी. कॉइल, प्लग आणि झाकण एकदम बदललं तर गाडी चालेलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही, आणि चांगल्या सुट्या भागाचे पैसे वाया जातील. मग गाडी रिकामी आणि थंड असताना गावातून एक चक्कर मारून समाधान मानू नये. तेवढंच ओझं, तीच दुपारची वेळ आणि तोच चढ, असं चालवून पाहावं. आणि काढलेली कॉइल परत मागून घ्यावी. नव्या कॉइलवरही गाडी थांबली, तर जुनी बहुधा निर्दोष होती हे कळेल आणि डिकीत एक जादा कॉइल तयार असेल.